शेजारच्या प्लॉटवरच्या परवानगीला आव्हान: तुमचा 'लोकस' कसा दाखवाल?

कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो: तुमचा काय संबंध? हा संबंध, म्हणजे दाद मागण्याचा हक्क, यालाच 'लोकस' म्हणतात. "आमचा समुद्र दिसेनासा होतो" हे उत्तर टिकत नाही. कोणता नियम मोडला आणि त्याचा तुमच्या घराला, रस्त्याला किंवा मोकळ्या जागेला काय त्रास, हे दाखवावं लागतं.

रहिवाशांना दाद मागता येते, याबद्दल मनात शंका ठेवू नका. उडुपीत निवासी भागातल्या चित्रपटगृहाविरुद्ध तिथल्याच रहिवाशाने दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये मान्य केला. 1991 मध्ये बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध रहिवासीच उभे राहिले आणि जिंकले.

आता मुंबईत काय करायचं? विकास आराखड्यातलं आरक्षण बदलत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना निघते. तिच्या तारखेपासून एका महिन्यात कोणीही हरकत नोंदवू शकतो, मालकी लागत नाही. ही संधी सोडू नका. पुढे हीच लेखी हरकत कामी येते.

इमारतीच्या परवानगीचं तसं नाही. याच अधिनियमाच्या कलम 47 चं अपील फक्त अर्जदाराचं, म्हणजे बिल्डरचं. शेजाऱ्याने आधी महापालिकेकडे लेखी तक्रार द्यावी, कलम 51 खाली परवानगी रद्द करण्याची मागणी करावी, आणि दाद मिळाली नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. वाद पर्यावरण मंजुरीचा असेल, तर हरित लवादात अपिलाला 30 दिवसच मिळतात. सबळ कारण दिलं तर आणखी 60.

कागद: नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, डीपी रिमार्क (विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय आहे ते सांगणारा महापालिकेचा कागद), तारखेसह फोटो. आयओडी (इमारतीच्या आराखड्याला अटींसह मिळणारी मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र) आणि मंजूर नकाशे माहिती अधिकारात मागा. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सोसायटीच्या नावाने जायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच, त्यात सही कोण करणार हेही लिहा. एक-दोन फ्लॅटधारकांनाही सहअर्जदार करा, असं मी आवर्जून सांगेन. म्हणजे ठरावावर आक्षेप आला तरी अर्ज उभा राहतो.

उशीर मात्र घातक. सीसी सहसा आधी प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, मिळते. तेव्हाच हलायला हवं. वरचे मजले चढले, फ्लॅट विकले गेले, की त्या खरेदीदारांचाही विचार कोर्टाला करावा लागतो.