किशोरवयीन प्रेमसंबंधातील छळ

साधारण १३ ते १९ वयाच्या मुलामुलींच्या प्रेमसंबंधात एकाने दुसऱ्यावर धाक, पाळत, बदनामीची भीती, मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती यांच्या जोरावर ताबा ठेवणे. एखादे भांडण किंवा रुसवा म्हणजे छळ नव्हे. एकाच्या मर्जीवर दुसऱ्याचे कपडे, मैत्रिणी, येणे-जाणे ठरू लागले की तो छळ होय. मुलगेही त्यात सापडतात आणि लाजेपोटी बोलत नाहीत. बदनामीचे ओझे मात्र मुलीच्याच माथी अधिक येते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत अशी नाती बहुधा चोरूनच चालतात. खेड्यातली मुलगी एसटीच्या पासावर तालुक्याच्या कॉलेजात जाते. बारावीपर्यंत मुलींना हा पास मोफत आहे. भेट होते ती स्टँडवर, क्लासच्या वाटेवर आणि आता बहुतेक मोबाइलवर.

सुरुवात ओळखणे अवघड, कारण ती काळजीसारखी दिसते. ‘कोठे शे?’ (कुठे आहेस?), ‘कोनासंगे बोली ऱ्हायनी?’ (कोणाशी बोलते आहेस?) हे अहिराणीतले प्रश्न आधी गोडच वाटतात. उत्तराला उशीर झाला की त्यांचा सूर बदलतो. मग लोकेशन पाठव, पासवर्ड दे, अमक्याला ब्लॉक कर, हा डीपी काढ. नकार दिला तर शिवीगाळ, एखादी थप्पड, आणि रात्री रडून माफी किंवा ‘नस कापून घेईन’ अशी धमकी. माफीनंतरचे चार दिवस बरे जातात, म्हणून मुलगी थांबते. बाहेरच्यांना दिसते ते एवढेच : फोन वाजताच दचकणे, मैत्रिणींचा घोळका सुटणे, ठरलेली बस मुद्दाम चुकवणे, उन्हाळ्यातही लांब बाह्या.

या साऱ्यांत परिणामकारक हत्यार एकच : ‘तुझ्या घरी सांगतो.’ घरी कळले तर कॉलेज बंद होईल, मोबाइल जाईल आणि स्थळे पाहायला सुरुवात होईल, हे मुलीला पक्के ठाऊक असते. धमकी देणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्याच्या हातातली ताकद अशी घरच्यांच्याच रागातून येते. (बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ नुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण होण्याआधीचा विवाह बेकायदा आहे, तरी ‘अब्रू वाचवण्यासाठी’ म्हणून घाई होतेच.)

कायद्याचे चित्र सरळ नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा एका घरात राहिलेल्यांना लागू होतो, त्यामुळे कॉलेजातल्या जोडीला त्याचा उपयोग नाही. नकार स्पष्ट असतानाही मुलीचा वारंवार पाठलाग करणे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला संमती ग्राह्य नाही. मुलगा-मुलगी दोघांनाही त्याचे संरक्षण आहे, आणि लैंगिक गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही अपराध ठरतो. हाच कायदा कधी राजीखुशीच्या नात्यातल्या मुलावरही घरच्यांकडून लावला जातो. परिणामी खरा छळ सोसणारी मुलगीही डॉक्टरांपुढे किंवा शिक्षिकेपुढे तोंड उघडायला कचरते.

म्हणून प्रतिबंधाची सुरुवात भाषणातून नव्हे, आईबापांच्या एका शब्दातून होते : ‘काहीही झालं तरी तुझं शिक्षण बंद करणार नाही.’ तो आधीच देऊन ठेवावा लागतो. प्रकरण उघड झाल्यावर दिला तर मुलगी विश्वास ठेवत नाही. मुलग्यांशीही नकार पचवण्याबद्दल बोलायला हवे. ‘ती हो म्हणेपर्यंत मागे लाग’ ही शिकवण त्यांना कट्ट्यावर फुकट मिळत असते. नात्यातून बाहेर पडण्याचा काळ विशेष जोखमीचा. शेवटची भेट एकटीने घेऊ नये, रोजची वाट व वेळ काही दिवस बदलावी, एका तरी मोठ्या माणसाला कल्पना द्यावी.

मदतीसाठी १०९८ ही बालकांची, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. तातडीला ११२, फोटो पसरवण्याच्या धमकीसाठी १९३० किंवा सायबर पोलीस. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची फोनवरची समुपदेशन सेवा मिळते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकही चालवली जातात.

घरात प्रकरण कळले की बाप बऱ्याचदा आधी मोबाइल आपटतो, नाहीतर भाऊ रागाने सगळे चॅट पुसून टाकतो. पुरावा त्यातच असतो. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत; मात्र अल्पवयीनाचा नग्न फोटो पुरावा म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नये, फोन तसाच पोलिसांना दाखवावा.