गोंगाटातून गाळलेली रेषा : हृदय आणि मेंदूच्या विद्युतसंकेतांच्या विश्लेषणाची पार्श्वभूमी

मेळघाटातील, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या किंवा यवतमाळच्या आतल्या तालुक्यातील एखाद्या सरकारी दवाखान्यात छातीत दुखणारा रुग्ण आला, की त्याच्या हातापायांना क्लिपा लावून आणि छातीवर जेली चोळून ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतसंकेताचा आलेख, काढला जातो. दोन-चार मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर येते आणि तिच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःच छापलेला निष्कर्षही असतो. रुग्णाच्या त्वचेपासून त्या पट्टीपर्यंतच्या प्रवासात संकेतावर अनेक गणिती संस्कार झालेले असतात, याची जाणीव रुग्णाला नसतेच. पण पुष्कळदा यंत्र हाताळणाऱ्यालाही कोणी ती करून दिलेली नसते. हे संस्कार कुठून आले, ते का करावे लागले आणि विदर्भासारख्या आपल्या भागात त्यांची पारख वेगळी का करावी लागते, हे समजण्यासाठी मागे जावे लागते.

अडचणीचे मूळ संकेताच्या आकारात आहे. हृदयाच्या ठोक्यामुळे त्वचेवर उमटणारा विद्युतदाब साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग असतो. मेंदूचा संकेत कवटी आणि डोक्याची कातडी ओलांडून येईपर्यंत त्याहूनही क्षीण होतो आणि जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) उरतो. त्याच खोलीत 230 व्होल्टची वायर भिंतीतून गेलेली असते. त्यामुळे या विद्येचा इतिहास हा संकेत पकडण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो नको असलेले काय आणि ते कसे वगळायचे, या निर्णयांचा आहे.

बेडकाच्या हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे इटलीच्या कार्लो मात्तेउची यांनी 1842 च्या सुमारास दाखवले. माणसाच्या हृदयाचा असा पहिला आलेख ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये लंडनमध्ये काढला. त्यासाठी त्यांनी काचेच्या बारीक नळीतील पाऱ्याची हालचाल टिपणारा केशिका विद्युतमापक वापरला. पारा जड असल्यामुळे तो वेगाने बदलणाऱ्या विद्युतदाबाच्या मागे पडत असे आणि आलेखातील टोकदार भाग बोथट उमटत. नेदरलँड्समधील लायडनचे विल्यम आइंटहोवेन यांनी यावर काढलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण वाटतो. उपकरण किती मागे पडते याचे गणित मांडून त्यांनी कागदावरील वक्र हाताने आकडेमोड करून दुरुस्त केला आणि 1895 मध्ये त्या दुरुस्त वक्रावरील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. आज आपण ज्याला संकेतप्रक्रिया म्हणतो, तिचा आरंभ असा संगणक येण्याच्या अर्धशतक आधी, पेन्सिल आणि कागदाने झाला.

पुढे त्यांनी स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर तयार केला. प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणलेला असे आणि त्याची थरथरणारी सावली सरकत्या फोटोप्लेटवर टिपली जाई. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसवत. यंत्राचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. ते रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते, म्हणून 1905 मध्ये आइंटहोवेन यांनी रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाचा संकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणला. रुग्ण एकीकडे आणि तज्ज्ञ दुसरीकडे, ही आजच्या टेलिमेडिसिनची मांडणी तेव्हाची आहे. 1924 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूच्या संकेताची वाट याहून खडतर होती. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी 1875 मध्ये ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विद्युतबदल नोंदवले. परंतु माणसाच्या बंद कवटीवरून तशी नोंद मिळायला 1924 साल उजाडले. जर्मनीत येना येथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी ती मिळवली आणि पाच वर्षे स्वतःच तपासत राहून 1929 मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास लाटा दिसतात आणि डोळे उघडले की त्या मावळतात, हे त्यांचे निरीक्षण होते. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. स्नायूंचा किंवा उपकरणाचा गोंगाटच हा गृहस्थ मेंदूच्या नावावर खपवतो आहे, अशी शंका होती. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी 1934 मध्ये प्रयोग करून ती शंका दूर केली. त्याआधीच, 1932 मध्ये, बर्गर यांच्या नोंदींवर जी. डीट्श यांनी फूरिए पद्धतीचे विश्लेषण करून पाहिले होते, म्हणजे वेडीवाकडी दिसणारी रेषा वेगवेगळ्या वारंवारतेच्या साध्या लाटांत विभागली होती. अल्फा, बीटा, थीटा, डेल्टा या पट्ट्यांत मेंदूचा संकेत वाचण्याची आजची रीत याच वाटेने आली.

1935 मध्ये बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने येणारी टोक आणि लाट यांची जोडी नोंदवली. वर्गात मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि पुन्हा काही घडलेच नाही असे लिहू लागते. असा हा प्रकार. आपल्याकडे मिरगी म्हटले की अंग ताठ होऊन खाली पडणे आणि मग कांदा किंवा चप्पल हुंगवणे एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हे मूल वर्षानुवर्षे बेलक्ष्या म्हणून मार खाते. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलाटा नोंदवण्याच्या, खोलीत मात्र त्याला काही मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला, की ती जोडी बहुतेक वेळा रेषेवर उमटतेच. सिरोंचासारख्या गावाहून त्या खोलीपर्यंत, म्हणजे नागपूरपर्यंत, यायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास पडतो. इतक्या लांबून आलेल्या मुलाच्या केसांना आईने निघताना चोपडून तेल लावलेले असेल, तर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत आणि आधी डोके धुवावे लागते. ही सूचना गावातच आशाताईंमार्फत मिळाली, तर आई-बापांची एक खेप वाचू शकते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आकड्यांचे युग आले. सलग वाहणाऱ्या संकेताचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन ते आकड्यांत साठवायचे, तर नमुने किती घ्यावेत, या प्रश्नाचा सैद्धांतिक पाया हॅरी नायक्विस्ट यांच्या 1928 च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या 1949 च्या लेखनात आहे. संकेतातील सर्वांत वेगवान घटकाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तरच मूळ संकेत परत उभा करता येतो. हा नियम मोडला तर काय होते, याचे आपल्या भागातले उदाहरण देता येते. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह शुद्ध लाटेचा नसतो, चौकोनी असतो, आणि चौकोनी लाटेत 50 हर्ट्झबरोबर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने) 150, 250 असे विषम पटीतले घटक असतात. सेकंदाला 200 नमुने घेणाऱ्या यंत्रात 150 हर्ट्झची लहर थेट शिरली, तर ती आकड्यांत 50 हर्ट्झची लहर म्हणून उमटते, आणि एकदा आकडे झाल्यावर ती मुळात कोणती होती हे सांगता येत नाही. म्हणून नमुने घेण्याच्या आधीच, विद्युतमंडलात (सर्किटमध्ये), वरच्या वारंवारता कापाव्या लागतात.

संगणकाकडून ईसीजी वाचून घेण्याचे प्रयत्न अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले; वॉशिंग्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ह्यूबर्ट पिपबर्गर यांनी त्यात पुढाकार घेतला. त्याच दशकात लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी, तोच उद्दीप (म्हणजे संवेदना जागवणारी चेतना) पुन्हापुन्हा देऊन मेंदूच्या प्रतिसादांची सरासरी काढण्याची युक्ती रूढ केली. शंभर प्रतिसादांची सरासरी घेतली, की अनियमित गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो आणि प्रतिसाद जागच्या जागी राहतो. तान्ह्या बाळांच्या श्रवणासाठी आज जी बेरा तपासणी होते, ती याच तत्त्वावर चालते. 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी फूरिए विश्लेषणाची जलद रीत मांडली. 1024 नमुन्यांसाठी जिथे दहा लाखांहून अधिक गुणाकार लागत, तिथे ते काम दहा हजारांच्या घरात आले, आणि मेंदूच्या लाटांचे पट्टे वेगळे करणे छोट्या संगणकाच्या आवाक्यात आले.

त्याआधी, 1961 मध्ये, नॉर्मन होल्टर यांनी दिवसभर अंगावर वागवायच्या नोंदयंत्राविषयी लिहिले होते. एका दिवसात माणसाच्या हृदयाचे सुमारे एक लाख ठोके पडतात. एवढे ठोके डोळ्यांनी तपासणे कोणाला शक्य आहे? यंत्राने ठोका ओळखणे गरजेचे झाले. पण यंत्र बरोबर ओळखते की नाही हे तपासायला सर्वांना समान नोंदी हव्या होत्या. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयातील अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 नोंदी, सेकंदाला 360 नमुने घेऊन आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण करून, 1980 मध्ये एमआयटी-बीआयएच संग्रह म्हणून खुल्या झाल्या. जिआपू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी 1985 मध्ये मांडलेली रीत याच नोंदींवर पारखली गेली आणि 99.3 टक्के ठोके तिने बरोबर ओळखले.

ती रीत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही ती पहिल्यांदा शिकवली जाते. आधी साधारण 5 ते 15 हर्ट्झचा पट्टा ठेवून बाकीचे वगळतात. ठोक्याच्या मुख्य टोकाची ऊर्जा मुख्यतः तिथे असते. मग रेषेचा चढ किती तीव्र आहे ते काढतात, कारण ते टोक इतर लाटांपेक्षा उभे असते. त्याचा वर्ग करतात, म्हणजे उणे आकडे धन होतात आणि मोठे अधिक मोठे होतात. शेवटी 150 मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीत बेरीज घेतात आणि पुढे आलेला उंचवटा ठोका आहे की गोंगाट, हे एका उंबरठ्यावरून ठरवतात. हा उंबरठा स्थिर नसतो. मागील ठोक्यांच्या उंचीनुसार तो वर-खाली होतो आणि अपेक्षित वेळेत ठोका सापडला नाही, तर रीत मागे वळून खालच्या उंबरठ्याने पुन्हा शोधते. नको ते वगळणाऱ्या या गाळण्या (फिल्टर) पूर्णांकांच्या आकडेमोडीत बसवल्या असल्यामुळे त्या काळच्या लहानशा मायक्रोप्रोसेसरवरही हे जागीच चालत असे.

मात्र ठोका मोजण्यासाठी योग्य असलेली गाळणी हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी योग्य असतेच असे नाही, आणि इथेच काळजी घ्यावी लागते. झटक्याचे मुख्य चिन्ह असलेला, एस आणि टी या लाटांमधला एसटी हा भाग संथ, सपाट असतो. त्याची माहिती अतिशय कमी वारंवारतेत असते. श्वासामुळे आणि हालचालीमुळे रेषा वर-खाली होते, तीही कमी वारंवारतेतच. उफणताना वारा जास्त झाला, तर भुशाबरोबर हलका दाणाही उडून जातो, तसे रेषा स्थिर करण्यासाठी 0.5 हर्ट्झखालचे साध्या गाळणीने वगळले, तर एसटी भागही वाकडा होतो आणि नसलेला झटका दिसतो किंवा असलेला झाकला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीत निदानासाठी खाली 0.05 हर्ट्झपर्यंतचे सगळे घटक राखावेत, असे याचसाठी म्हटले होते. 1990 मध्ये ही मर्यादा 0.67 हर्ट्झपर्यंत सैल केली गेली, पण केवळ अशा डिजिटल गाळण्यांसाठी, ज्या संकेताच्या कोणत्याही घटकाला वेळेत पुढे-मागे सरकवत नाहीत. साठवलेले आकडे एकदा पुढून आणि एकदा मागून गाळले, की हे साधते. वाहत्या प्रवाहावर जुन्या विद्युतमंडलांना ते शक्य नव्हते. पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत 25 मिमी प्रतिसेकंद, 10 मिमी प्रतिमिलिव्होल्ट, 0.05 ते 150 हर्ट्झ, एसी 50 हर्ट्झ असे जे छापलेले असते, ते डॉक्टरांनी निष्कर्षाच्याही आधी वाचावे, असे मला वाटते.

त्यातील शेवटचा आकडा विजेचा आहे. अमेरिकेत पुरवठा 60 हर्ट्झचा, आपल्याकडे 50 हर्ट्झचा. बाहेरच्या बनावटीच्या यंत्रात ही निवड बदललेली नसेल, तर गाळणी नसलेली लहर शोधत राहते आणि असलेली तशीच सोडते. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तपासणीच्या खोलीत कुलर रुग्णाच्या उशाशीच लावलेला असतो. अर्थिंग धड नसेल, तर रेषा एकदम जाड आणि केसाळ दिसू लागते. कुलर बंद करून प्लग काढला, की ती बारीक होते. घामाने जेली पातळ होऊन छातीवर चिकटवलेले इलेक्ट्रोडचे रबरी बल्ब सुटतात, आणि पौषातल्या पहाटे थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या स्नायूंचा कंप रेषेत मिसळतो. बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडलेली जुळवून घेणारी गाळणी इथे उपयोगी पडते. ती भिंतीतील विजेचा वेगळा नमुना घेते, त्याची उंची आणि वेळ सतत जुळवत राहते आणि तेवढाच भाग ईसीजीतून वजा करते. ठरावीक आकड्यावर बसवलेल्या गाळणीला ढळणारा पुरवठा सापडत नाही, हिला सापडतो. काही दशकांपूर्वी आपल्याकडे पुरवठ्याची वारंवारता 50 पासून बरीच ढळत असे, आणि जनरेटरवर चालणाऱ्या दवाखान्यात ती आजही ढळते. कोराडी आणि चंद्रपूरची वीज राज्यभर जाते आणि त्याच जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना जनरेटरचा आधार घ्यावा लागतो, याची खंत आहेच.

आता निदानाची भिस्त खोल शिक्षणाच्या (डीप लर्निंगच्या) संगणकीय प्रणालींवर येत आहे. त्या लाखो नोंदींवरून शिकतात, आणि ज्यांच्या नोंदी त्यात नाहीत, त्यांच्याविषयी त्या कमी जाणतात. गोंड, कोरकू, माडिया माणसांच्या, सिकलसेल असलेल्या मुलांच्या आणि उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांच्या नोंदी या संग्रहांत यायच्या असतील, तर त्या आकड्यांच्या रूपात साठवल्या गेल्या पाहिजेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइलला जोडता येणारे, बॅटरीवर चालणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे, म्हणजे साधन आपल्याच देशात आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी छापील पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲपने जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे धाडला जातो. रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी तो उपयोगी आहे आणि तो पाठवणाऱ्या सिस्टरचे काम मोलाचे आहे. पण त्या फोटोत नमुने नसतात, फक्त रेघ असते. गाळणीने जे आधीच उडाले ते परत मिळत नाही, वेगळ्या गाळणीतून संकेत पुन्हा पाहता येत नाही, आणि थर्मल कागदावरची मूळ रेषाही उन्हाळ्यात कपाटात राहून पुसट होते. यंत्राच्या स्मृतीतील न गाळलेली नोंद, गाळण्यांच्या तपशिलासह, फोटोबरोबर पाठवण्याची आणि जिल्ह्याच्या पातळीवर जपून ठेवण्याची सोय करणे आजच्या यंत्रांना जड नाही.