बोर्डावरच्या प्रोसेसरमागचा इतिहास

आज इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सोळा बिटांचा साधा प्रोसेसर स्वतः लिहितो, एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) बोर्डावर उतरवतो आणि एलईडी बघून उत्तर पडताळतो. १९७० च्या दशकात हेच करायचं तर ७४ मालिकेतल्या टीटीएल आयसी, म्हणजे ठरावीक कामाच्या छोट्या चिप, जमवाव्या लागत. ७४१८१ मध्ये चार बिटांचं एएलयू (बेरीज-वजाबाकी आणि तर्काची कामं करणारा भाग) असे, म्हणजे सोळा बिटांना तशा चार आयसी. शिवाय आकडे साठवणारी रजिस्टर, संकेत उलगडणारे डीकोडर आणि वायरींचं जंजाळ. आराखडाच चुकला असेल तर वायरी उपटायच्या आणि पुन्हा जोडायला बसायचं.

हे बदललं रॉस फ्रीमन यांच्यामुळे. १९८४ मध्ये बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांच्यासह त्यांनी झायलिंक्स काढली. पुढच्याच वर्षी आली त्यांची एफपीजीए चिप एक्ससी२०६४, एकूण ६४ लॉजिक ब्लॉकची. तिच्यात गेटची पक्की जोडणी नव्हती. छोट्याशा मेमरीत ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणतं उत्तर, याचा तक्ता) भरायचं, इनपुट हा त्या मेमरीचा पत्ता आणि तिथला बिट हे उत्तर. मेमरी बदलली की सर्किट बदललं! यात ट्रान्झिस्टर भरपूर खर्ची पडत आणि तेव्हा ते महाग होते. पण ते स्वस्त होत जाणार, हा फ्रीमन यांचा हिशेब खरा ठरला. १९८९ मध्ये ते गेले. या कल्पनेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही, याची हळहळ वाटते.

व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या सर्किट लिहायच्या भाषाही त्याच दशकातल्या. दोन्हींचा सुरुवातीचा भर सिम्युलेशनवर आणि सर्किटच्या वर्णनावर होता, त्यातून हार्डवेअर तयार करणारी सिंथेसिसची साधनं मागाहून आली. म्हणून आजही आधी टेस्टबेंच, म्हणजे सिम्युलेशनमधली चाचणी, मग बोर्ड.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत विद्यार्थी आठ रजिस्टरांचा, सोळा बिटांचा ‘आयआयटीबी-रिस्क’ हा प्रोसेसर बनवतात. अशा अभ्यासातलं खरं शिक्षण मला बोर्डावरच्या चाचणीत दिसतं. सिम्युलेशनमध्ये बटण एकदा दाबलं की एकच पल्स मिळते. बोर्डावरच्या बटणाचे संपर्क मात्र काही मिलिसेकंद थरथरतात. तेच बटण थेट क्लॉक (प्रोसेसरला एकेक पाऊल पुढे नेणारा सिग्नल) म्हणून जोडलं, तर एका दाबात प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढची सूचना कुठली हे सांगणारा आकडा, तीन-चार घरं पुढे जातो. टेस्टबेंचमध्ये सगळं बरोबर असतं, एएलयूही निर्दोष असतो, तरी एलईडीवर भलताच आकडा दिसतो. मग ही थरथर गाळणारं डीबाउन्स सर्किट लिहायचं आणि बिटस्ट्रीम (चिपमधली मेमरी भरणारी फाइल) पुन्हा चढवायची. वायर एकही उपटावी लागत नाही.