'प्रिन्सेस काजार'साठी १३ जणांनी जीव दिला? अहो, नाही!

तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल, जाड भुवया, हलकीशी मिशी, आखूड घेरदार स्कर्ट, आणि खाली लिहिलेलं की ही इराणची सौंदर्यवती प्रिन्सेस काजार, हिने नकार दिला म्हणून १३ तरुणांनी आत्महत्या केली. दरवर्षी कुणीतरी परत फिरवतंच, सोबत हसणाऱ्या इमोजी.

मुळात काजार हे राजघराण्याचं नाव, १७८९ ते १९२५ त्यांनी इराणवर राज्य केलं, म्हणजे शेकडो काजार राजकन्या होऊन गेल्या. त्या पोस्टमध्ये बहुतेक वेळा याच घराण्यातल्या नासिरुद्दीन शाह या राजाची मुलगी इस्मत अद-दौला दिसते, आणि तिच्या फोटोला तिच्याच सावत्र बहिणीची, ताज अस-सल्तनाची गोष्ट चिकटवतात. दोघींचीही लग्नं लहानपणीच लावून दिलेली, त्यामुळे नकार मिळालेल्या तरुणांची रांग आली कुठून? त्या १३ मृत्यूंना पुरावा शून्य. आणि ती मिशी, त्या काळी तिथे बायकांची हलकी मिशी सुंदरच समजत, काहीजणी तर रंगाने मुद्दाम गडद करत, मग हसायचं कशाला?

मला राग येतो तो ताजची खरी गोष्ट गायब होते याचा. १८८४चा जन्म, नवऱ्यापासून घटस्फोट घेतला, बायकांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या संघटनेत होती, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात जनानखान्यातलं बालपण आहे, बापाच्या दरबारावर सडकून टीका आहे, पडदा आणि बायकांना न मिळणारं शिक्षण यावर तर ती थांबतच नाही. इंग्रजी भाषांतर मिळतं, शोधून वाचा.