हॅम कॉन्टेस्ट आली कुठून, आणि वावरातल्या छोट्या स्टेशनाला तिच्यात जागा कुठे

हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ स्टेशन चालवणारा, आणि कॉन्टेस्ट म्हणजे ठरल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधण्याची स्पर्धा. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी मंडळींच्या संघटनेने, त्यांचे सिग्नल अटलांटिक ओलांडतात का याची चाचणी घ्यायला, पॉल गॉडली यांना स्कॉटलंडला धाडले. आर्ड्रॉसनच्या ओल्या माळावर तंबू ठोकून आणि काहीशे मीटर लांबीची बेव्हरेज अँटेनाची तार खुंटांवर ताणून त्यांनी अटलांटिकपलीकडची दोन डझनांहून जास्त हौशी स्टेशने ऐकली. २०० मीटरखालच्या लहरी तेव्हा निरुपयोगी समजल्या जात, म्हणून तर त्या हौशी मंडळींच्या वाट्याला आल्या होत्या. १९२७ मध्ये लीगने आंतरराष्ट्रीय रिले पार्टी भरवली आणि चाचणीची स्पर्धा झाली. रिले म्हणजे निरोप पुढे पोचवणे. निरोपाच्या मथळ्यावरचा अनुक्रमांक कित्येक कॉन्टेस्टच्या एक्सचेंजमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांनी एकमेकांना द्यायच्या माहितीत, अजून आहे. १९४८ पासूनच्या सीक्यू वर्ल्ड वाइड या कॉन्टेस्टमध्ये त्याऐवजी झोन, म्हणजे जगाच्या आपल्या भागाचा ठरलेला क्रमांक, द्यायचा असतो. आपला झोन २२. आवाजावर ‘फाइव्ह नाइन, टू टू’ एवढेच बोलायचे. ‘फाइव्ह नाइन’ हा सिग्नल किती चांगला येतो याचा रिपोर्ट; समोरचा खरखरीत बुडालेला असला तरी तो ५९ च देतात.

भारतात पहिले हॅम कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू, कॉलसाइन (स्टेशनाचे ओळखनाव) २जेके, तेही १९२१ चेच. दुसऱ्या महायुद्धात परवाने थांबले. स्वातंत्र्यानंतर महूच्या सिग्नल्स शाळेत संघटना उभी राहिली. १९५४ मध्ये ती दिल्लीला गेली. परदेशी रिग (रेडिओ संच) बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, त्यामुळे लष्करी भंगारातले रिसीव्हर आणि ८०७ व्हॉल्व्हचे घरगुती ट्रान्समीटर यांवर इथली पिढी शिकली. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा घरी बांधायचा बिटएक्स२० संच त्याच वळणाचा: साधे ट्रान्झिस्टर, शेवटी पाठवणीसाठी आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर, आणि कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉन वॉशरही चालतात. मोजक्या वॉटचा असला संच कॉन्टेस्टमध्ये चालतो, फक्त हाका मारत बसायचे नाही. ज्यांचा सिग्नल जोरात येतो त्यांनाच शोधून उत्तर द्यायचे.

विदर्भातल्या खेड्यात वॉटपेक्षा वीज आणि खरखर जास्त छळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमक्या कॉन्टेस्टच्या दिवसांत, हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटरी सुरू असतात आणि व्होल्टेज खाली-वर होते. रिग १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर थेट लावावी आणि इन्व्हर्टर बंद ठेवावा, कारण त्याची स्वतःची घरघर असते. १०० वॉटचा रिग पाठवताना सुमारे २० अँपिअर ओढतो. बॅटरी ३ मीटरवर असेल तर २.५ चौरस मिमी वायरमध्ये जवळपास ०.९ व्होल्ट पडतो, ६ चौरस मिमीमध्ये ०.४ हून कमी. उतरलेल्या बॅटरीवर हा फरक आवाज फाटायला पुरतो. मग लोक मायक्रोफोनला दोष देतात! रिस्ट्रिक्टेड परवान्याची मर्यादा ५० वॉट आहे, त्यात ही अडचण निम्मी होते. दोन्ही वायरींना बॅटरीजवळच फ्यूज हवा.

दुसरी पीडा रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला लावलेली झटका मशीन. साधारण सेकंदाला एक टकटक ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) स्पष्ट येते. मूळ बहुधा ओल्या गवताला टेकलेली तार किंवा तडकलेला इन्सुलेटर असतो. आठवडाभर आधी धुऱ्यावरचे गवत काढावे, शेजाऱ्याच्या कुंपणाचेही, अर्थात त्याला विचारून. रिगमधला नॉइज ब्लँकर टकटक दाबतो खरा, पण शेजारी जोरकस स्टेशन आले की त्याच्यामुळेच सगळा बँड चिरफाळल्यासारखा वाटतो. कॉन्टेस्टमध्ये तो शेवटचा उपाय.

अँटेना म्हणून १० मीटर बांबूवर उलटा व्ही पुरे, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही टोके खाली उतरलेली तार. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१, म्हणजे एकूण सुमारे २०.१ मीटर तार. २०.६ कापावी आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते याचे माप) बघत दोन्ही टोके सारखी छाटावीत. हीच तार २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालते. १४ साठी त्याच फीड पॉइंटला (जिथे केबल तारेला जोडते) ५-५ मीटरचे आणखी दोन पाय जोडावेत. तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली तर १४ वर युरोपचा कल साधतो. टोके माणूस-गुरांच्या पोचेबाहेर हवीत, आणि बांबू पडला तरी विजेच्या तारांवर जाणार नाही इतके अंतर हवे.

सकाळी २१ आणि २८ वर जपान, दुपारनंतर युरोप, अंधार पडल्यावर ७ वर. आपल्याच देशाच्या स्टेशनाचे गुण सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये शून्य, पण मल्टिप्लायर (एकूण गुणांना गुणणारा आकडा) मिळतो, म्हणून प्रत्येक बँडवर एक व्हीयू, म्हणजे भारतीय स्टेशन, घेऊन ठेवावा. स्पर्धा भारतीय वेळेने शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होऊन सोमवारी ५.२९ ला संपते. लॉगमधली (संपर्कांच्या नोंदवहीतली) वेळ मात्र यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हवी. भारतीय वेळ टाकली तर साडेपाच तासांच्या फरकाने समोरच्याच्या लॉगशी मेळ बसत नाही आणि संपर्क बाद होतात. लॉगची कॅब्रिलो फाइल (कॉन्टेस्टसाठीचा ठरलेला नमुना) ५ दिवसांत अपलोड करावी. गावातले नेट बेभरवशाचे असेल तर सोमवारीच.