बेसबॉलमधील विक्रम (व्यावसायिक)

बेसबॉलमधील विक्रम : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूंनी केलेल्या सर्वोच्च कामगिरीच्या नोंदी, तसेच त्या ठरवण्याची, तपासण्याची व दुरुस्त करण्याची रीत. या नोंदीत प्रामुख्याने नॅशनल लीग (१८७६) आणि अमेरिकन लीग (१९०१) यांच्या मिळून बनलेल्या मेजर लीगचा विचार केला आहे. बेसबॉलचे बहुतेक प्रसिद्ध विक्रम कोणी केले याबद्दल दुमत नसते. वाद असतो तो काय मोजायचे, कोणत्या स्पर्धेतले मोजायचे आणि चुकीची नोंद सापडल्यास ती किती वर्षांनंतरही बदलायची, याबद्दल. या खेळातील कठीण मानले जाणारे बरेचसे प्रश्नही याच वादांतून निघाले आहेत.

सामन्याची नोंद तक्त्याच्या रूपाने ठेवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांना दिले जाते. इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मलेले चॅडविक लहानपणी अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटचे वार्ताहर म्हणून काम करू लागले. साधारण १८५६ च्या सुमारास ते बेसबॉलकडे वळले. त्यांचा तक्ता १८५९ सालचा म्हणून सांगितला जातो. मात्र धावा व बाद यांचा साधा तक्ता १८४५ च्या न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रातही आढळतो. त्यामुळे चॅडविक यांना या पद्धतीचे जनक म्हणण्यापेक्षा तिला शिस्त लावणारे म्हणणे अधिक योग्य ठरेल. फलंदाजीची सरासरी (फलंदाजीच्या दर संधीमागे मिळवलेले हिट, म्हणजे फलंदाजाला सुरक्षित बेसवर पोहोचवणारे फटके) रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. चार चुकीचे चेंडू पडल्यावर फलंदाजाला पहिल्या बेसवर (धावमार्गावरील चार टप्प्यांपैकी पहिल्यावर) चालत जाता येते (वॉक). त्याचे श्रेय चॅडविक फलंदाजाला देत नसत. ती पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) चूक, असे त्यांचे मत होते. क्रिकेटमधील वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात जात नाही, तसाच हा विचार आहे. सरासरीतून वॉक आजही वगळला जातो. अपवाद एका हंगामाचा : १८८७ मध्ये वॉक हिट म्हणून मोजला गेला, त्यामुळे त्या वर्षीच्या सरासऱ्या अवाच्या सवा फुगल्या आणि पुढील संकलकांना त्या पुन्हा मांडाव्या लागल्या.

जुन्या आकड्यांची तुलना करताना मैदानाचे व नियमांचे बदल ध्यानात घ्यावे लागतात. पिचरचे अंतर आजच्याइतके, म्हणजे ६० फूट ६ इंच, झाले ते १८९३ मध्ये. १८८० साली ते ४५ फूट होते, चेंडू खालून फेकावा लागे आणि वॉकसाठी आठ चुकीचे चेंडू पडावे लागत. फलंदाजाने मिळवून दिलेल्या धावा (आरबीआय) अधिकृतपणे मोजल्या जाऊ लागल्या त्या १९२० पासून आणि पिचरचे ‘सेव्ह’ (संघाची आघाडी राखून सामना संपवण्याचे श्रेय) १९६९ पासून. त्याआधीचे आकडे जुन्या वृत्तपत्रांतून मागाहून काढलेले आहेत.

मेजर लीग कोणाला म्हणावे, हा प्रश्न बराच काळ मोकळा होता. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीच्या एका मोठ्या कोशासाठी आदल्या वर्षी विक्रम समिती नेमली गेली. तिने नॅशनल व अमेरिकन या दोन लीगांबरोबर अमेरिकन असोसिएशन (१८८२–९१), युनियन असोसिएशन (१८८४), प्लेयर्स लीग (१८९०) आणि फेडरल लीग (१९१४–१५) यांना मेजर दर्जा दिला. पहिली व्यावसायिक लीग समजली जाणारी नॅशनल असोसिएशन (१८७१–७५) मात्र बाहेर ठेवली. युनियन असोसिएशनच्या समावेशावर अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे आणि तो सबळ दिसतो : तेथील कित्येक संघ हंगाम पुरा होण्याआधीच मोडले. कृष्णवर्णीयांच्या लीगांचा या समितीने विचारच केला नाही. त्याची भरपाई व्हायला अर्धे शतक लागले.

कॉब व लॅजवे प्रकरण : विक्रमांच्या इतिहासात सर्वाधिक चर्चा झाली ती १९१० च्या फलंदाजी-अजिंक्यपदाची. त्या वर्षी सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला चामर्स कंपनीची मोटार बक्षीस मिळणार होती. डेट्रॉइटचा टाय कॉब आघाडीवर होता आणि ती टिकावी म्हणून तो शेवटचे दोन सामने खेळला नाही. कॉब प्रतिस्पर्ध्यांत अप्रिय होता. क्लीव्हलंडचा नॅप लॅजवे लोकप्रिय. ९ ऑक्टोबर रोजी सेंट लुइस येथे एकाच दिवशी झालेल्या दोन सामन्यांत लॅजवेने आठ हिट मिळवले. त्यांतला पहिला वगळता बाकीचे जवळपास सगळे बंट, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून जवळच सोडलेले फटके, होते. सेंट लुइसचा तिसऱ्या बेसवरचा नवखा क्षेत्ररक्षक जॅक कॉरिडन याला व्यवस्थापक जॅक ओकॉनर यांनी इतके मागे उभे केले होते की तिकडे ढकललेला प्रत्येक चेंडू सुरक्षित ठरत होता. एक निर्णय लॅजवेच्या बाजूने फिरवावा म्हणून गुणलेखकाला नव्या सुटाचे आमिष दाखवले गेल्याचेही पुढे आले. ओकॉनर आणि त्यांचे साहाय्यक हॅरी हॉवेल यांना पद गमवावे लागले. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी सहस्रांशाच्या फरकाने (०.३८५ विरुद्ध ०.३८४) कॉबला विजयी ठरवले. कंपनीने शहाणपणाने दोघांनाही मोटार दिली.

प्रकरण तेथे संपले नाही. १९७८ च्या सुमारास संशोधक पीट पामर यांना जुन्या खातेवहीत डेट्रॉइटचा एक सामना दोनदा चढवलेला आढळला. त्या सामन्यात कॉबचे दोन हिट होते. दुबार नोंद काढली की १९१० चे अजिंक्यपद लॅजवेकडे जाते आणि कॉबचे कारकिर्दीतील एकूण हिट ४,१९१ वरून ४,१८९ वर येतात. हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मेजर लीगचे प्रमुख, आयुक्त बोवी कून यांनी दुरुस्ती नाकारली. इतक्या वर्षांनी जुना निकाल उलटवू नये, ही त्यामागची भूमिका. स्वतंत्र संकलकांनी मात्र ४,१८९ हाच आकडा स्वीकारला असून कागदोपत्री पुरावा पाहता तोच ग्राह्य वाटतो. कॉबची कारकिर्दीतील सरासरी काही ठिकाणी ०.३६७, तर काही ठिकाणी ०.३६६ दिसते, तिचे मूळही अशाच दुरुस्त्यांत आहे.

या दोन हिटांचा परिणाम पीट रोझच्या विक्रमावर होतो. रोझने ४,१९२ वा हिट ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटी येथे घेतला आणि समारंभ त्या रात्री झाला. दुरुस्त आकडा मानला तर कॉब मागे पडला तो तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला, शिकागोमध्ये. त्या दिवशी रोझ, जो संघाचा व्यवस्थापकही होता, खेळणारच नव्हता. समोर डावखुरा स्टीव्ह ट्राउट पिचर असणार होता. ट्राउट सायकलवरून पडून जखमी झाला, त्याच्या जागी उजव्या हाताचा पिचर आला, म्हणून रोझने स्वतःचे नाव संघात घातले आणि दोन हिट घेतले. रोझची अखेरची बेरीज ४,२५६ आहे.

होम रन : फलंदाजाला एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण करता आले, बहुधा चेंडू कुंपणाबाहेर गेल्याने, की तो होम रन. बेब रूथचे कारकिर्दीतील होम रन ७१४, पण १९६८ च्या समितीच्या एका निर्णयाने ते काही काळ ७१५ होण्याच्या बेतात होते. १९२० पूर्वी यजमान संघाच्या शेवटच्या डावात बेसवरच्या खेळाडूने विजयी धाव पूर्ण केली की सामना तेथेच संपे आणि चेंडू कुंपणाबाहेर गेला असला तरी फलंदाजाला ती धाव पूर्ण होण्यास लागतील तेवढ्याच बेसचे श्रेय मिळे. ८ जुलै १९१८ रोजी बॉस्टनमध्ये दहाव्या डावात रूथने असाच चेंडू बाहेर मारला. धावपटू पहिल्या बेसवर होता, म्हणून रूथच्या नावे तीन बेसचा फटका लागला. समितीने असे ३७ फटके होम रन म्हणून मोजण्याचे आधी ठरवले, मग निर्णय मागे घेतला. फटका ज्या नियमाखाली मारला त्याच नियमाने तो मोजावा, हे तत्त्व त्यामुळे कायम राहिले. ते योग्यच आहे. एरवी प्रत्येक पिढीला जुने सामने नव्याने खेळवावे लागले असते.

हंगामातील होम रनच्या विक्रमाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रूथचे १९२७ मधील ६० होम रन १५४ सामन्यांच्या हंगामातले. १९६१ मध्ये अमेरिकन लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा झाला. रॉजर मॅरिस रूथच्या जवळ येत असताना आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही तर तो वेगळा दाखवावा. फ्रिक हे पूर्वी रूथच्या नावाने लेख लिहून देत असत, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल शंका घेतली गेली. १ ऑक्टोबर १९६१ रोजी मॅरिसने ट्रेसी स्टॅलर्डच्या चेंडूवर ६१ वा होम रन मारला. त्याच्या आकड्यासमोर तारकाचिन्ह छापले गेले असे आजही सांगितले जाते, पण तसे चिन्ह कधीच नव्हते. दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत दिले जात. मेजर लीगचे स्वतःचे विक्रमपुस्तकही त्या काळी नव्हते. ही विभागणी १९९१ मध्ये रद्द झाली, तोवर मॅरिस हयात नव्हता. पुढे मार्क मॅग्वायर (७०, १९९८) आणि बॅरी बाँड्स (७३, २००१) यांनी हा विक्रम मोडला. अमेरिकन लीगपुरता तो आता एरन जजकडे आहे (६२, २०२२). कारकिर्दीत हँक एरनचे ७५५ मागे टाकून बाँड्स ७६२ वर थांबला. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे त्याला अद्याप मानवंदना-दालनात (हॉल ऑफ फेम) स्थान मिळालेले नाही. विक्रम मात्र त्याच्याच नावे आहेत.

नो-हिटर व परिपूर्ण सामना : प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता जिंकलेला सामना तो नो-हिटर, असा समज असतो. १९९१ मध्ये आयुक्त फे व्हिन्सेंट यांच्या समितीने व्याख्या काटेकोर केली : किमान नऊ डाव आणि सामना संपेपर्यंत एकही हिट नाही. जिंकण्याची अट नाही. एकही फलंदाज बेसवर पोहोचू दिला नाही, तर तो परिपूर्ण सामना. या व्याख्येमुळे सुमारे ५० सामने यादीतून गेले. सर्वांत हृदयद्रावक उदाहरण हार्वे हॅडिक्सचे. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गच्या या पिचरने मिल्वॉकीचे सलग ३६ फलंदाज बाद केले, म्हणजे बारा डाव निर्दोष. परंतु त्याच्या संघालाही धाव मिळेना. तेराव्या डावात क्षेत्ररक्षकाच्या चुकीने फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोहोचला, बंटने पुढे सरकवला गेला, एरनला मुद्दाम वॉक दिला गेला आणि जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला. एरन मध्येच धावमार्ग सोडून गेला, अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे निघाल्याने बाद ठरला, होम रनचा दोन बेसचा फटका झाला आणि सामना १–० असा नोंदला गेला. हॅडिक्सचा खेळ आजच्या यादीत नाही.

अर्नी शोअरचा सामनाही असाच वगळला गेला. २३ जून १९१७ रोजी बॉस्टनकडून पिचर म्हणून रूथ उतरला होता. पहिल्याच फलंदाजाला वॉक दिल्यावर पंचाशी झालेल्या मारामारीमुळे त्याला बाहेर काढले. शोअर आला, बेसवरचा धावपटू चोरीच्या (फटक्याविना पुढचा बेस गाठण्याच्या) प्रयत्नात बाद झाला आणि उरलेले २६ फलंदाज शोअरने ओळीने बाद केले. पूर्वी हा परिपूर्ण सामना धरत. आता तो दोघांचा मिळून नो-हिटर मानतात. पहिले दोन परिपूर्ण सामने १८८० च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या अंतराने झाले (ली रिचमंड, १२ जून, जॉन वॉर्ड, १७ जून). डोमिंगो हेर्मानचा २८ जून २०२३ चा सामना २४ वा होता. जागतिक मालिकेत (हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका) असा एकच : डॉन लार्सन, ८ ऑक्टोबर १९५६. सलग दोन सामन्यांत नो-हिटर टाकणारा जॉनी व्हँडर मीर (११ व १५ जून १९३८) हाही एकटाच.

इतर विक्रम : बेसचोरीत रिकी हेंडरसन (कारकिर्दीत १,४०६, हंगामात १९८२ मध्ये १३०) अग्रस्थानी. ह्यू निकोलचे १८८७ मधील १३८ हे आकड्याने मोठे असले तरी १८९८ पूर्वी दुसऱ्याच्या हिटवर जास्तीचा बेस घेणेही चोरी धरत, म्हणून ते वेगळे काढले जातात. साय यंगचे ५११ विजय अबाधित आहेत. चार्ल्स रॅडबर्नचे १८८४ मधील विजय ५९ की ६० हे एका सामन्याचे श्रेय कोणाला द्यावे यावर अवलंबून आहे. हॅक विल्सनच्या १९३० मधील १९० आरबीआय १९९९ मध्ये १९१ झाल्या. एक धाव चुकून त्याचा सहकारी चार्ली ग्रिम याच्या खात्यात गेली होती. एकाच दिवशी दोन शहरांत, दोन संघांकडून हिट घेणारा जोएल यंगब्लड (४ ऑगस्ट १९८२) : दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून, रात्री फिलाडेल्फियात माँट्रियलकडून. दोन्ही वेळचे पिचर, फर्ग्युसन जेंकिन्स आणि स्टीव्ह कार्लटन, पुढे मानवंदना-दालनात गेले.

निग्रो लीग : वर्णभेदामुळे मेजर लीगमध्ये प्रवेश नाकारलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या १९२० ते १९४८ मधील सात लीगांना डिसेंबर २०२० मध्ये मेजर दर्जा मिळाला. इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामानंतर, मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी अधिकृत विक्रमांत सामील झाली. जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत (०.३७२) कॉबच्या पुढे गेला; हंगामी सरासरीतही त्याच्या १९४३ मधील ०.४६६ ने ह्यू डफीचे १८९४ मधील ०.४४० मागे टाकले. या लीगांचे हंगाम छोटे होते, हा आक्षेप घेतला जातो. परंतु २०२० चा ६० सामन्यांचा हंगाम कोणी नाकारत नाही, आणि हंगाम छोटे असण्याचे कारण खेळाडूंच्या हाती नव्हते. गिब्सनच्या स्मृतिफलकावर सुमारे ८०० होम रनचा उल्लेख आहे, त्यात प्रदर्शनीय सामने येतात. लीग सामन्यांतील अधिकृत संख्या १७४ आहे. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला. जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमध्ये पाऊल टाकले ते १५ एप्रिल १९४७ रोजी. विली मेजचे हिट या समावेशाने दहाने वाढून ३,२९३ झाले. हँक एरन निग्रो लीगमध्ये १९५२ साली, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेनंतर खेळला, म्हणून त्याच्या आकड्यांत फरक पडला नाही.

जपानी व्यावसायिक बेसबॉलचे विक्रम स्वतंत्र धरतात. सादाहारू ओ याचे ८६८ होम रन (१९५९–८०) बाँड्सपेक्षा अधिक आहेत. इचिरो सुझुकीचे जपानमधील १,२७८ आणि अमेरिकेतील ३,०८९ हिट एकत्र केल्यास ४,३६७ होतात, म्हणजे रोझहून जास्त. मात्र मेजर लीगच्या यादीत त्यांतले ३,०८९ च धरले जातात.