पालकसभा आणि ओपन डे: कोणता प्रश्न कुठे विचारायचा

दोन्ही वेळा शाळेच्या ग्रुपवर मेसेज जवळपास सारखाच येतो. शनिवारी सकाळी या, वेळेवर या, डायरी आणा, उपस्थिती सक्तीची. मग कुणी हाफ डे टाकतं, कुणी दोन घरची कामं पुढे ढकलतं, कुणी नाइट शिफ्ट संपवून तसंच शाळेत येतं. एवढं करून आलेला पालक पुष्कळदा नेमकं जे विचारायचं होतं ते न विचारताच परत जातो. प्रश्न त्याच्याकडे असतो, पण त्या दिवशी तो विचारायची ती जागा नसते. मी गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवते, आणि हे दर सत्रात बघते. म्हणून हे जरा सविस्तर.

पालकसभा सगळ्यांची असते. वर्गातले किंवा अख्ख्या शाळेतले पालक एकत्र बसतात, बोलणं सगळ्या मुलांबद्दल होतं, सह्या घेतल्या जातात आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहिलं जातं. ओपन डेला मात्र एका बाकाच्या एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि मध्ये तुमच्या एकट्याच्या मुलाच्या उत्तरपत्रिका, वह्या आणि नोंदी. तिथलं बोलणं शेजारच्या पालकाच्या कानावर जायचं कारण नाही.

यातलं काहीही शाळेची मेहरबानी नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला. त्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यांतलं एक असं, की पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि त्याच्याबद्दलची इतर महत्त्वाची माहिती त्यांना द्यायची. वर्गात अध्यापन करणं जसं माझं काम, तसंच हेही. त्यामुळे ‘बाई, तुमचा वेळ घेते जरा’ असं संकोचून म्हणायची कुणालाच गरज नाही.

आता ओपन डे. पालक आल्या आल्या उत्तरपत्रिका उचलतात आणि मार्क मोजायला लागतात. एखाद्या ठिकाणी अर्धा मार्क राहिला असेल तर तो शोधून काढतात. बेरीज तपासायलाच हवी, माझीही चुकू शकते. पण प्राथमिकच्या मुलाचं चित्र त्या कागदावर अर्धंसुद्धा नसतं. राज्यात २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचा ३० टक्के. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, वर्गकार्य आणि स्वाध्याय. म्हणजे तिसरीतल्या मुलाचा मोठा हिस्सा माझ्या नोंदवहीत आहे आणि पालक बघतायत फक्त पेपर. ती वही मागा. त्यात आम्ही ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो’, ‘गटात काम करताना मागे राहतो’ अशा वर्णनात्मक नोंदी करत असतो. त्या वाचून दाखवा, असं पालकाने म्हटलं की मला खरंच आनंद होतो.

आणि पेपर बघायचाच तर कसा बघायचा, याचं एक उदाहरण. गणिताच्या पेपरात ५२ वजा ३७, आणि मुलाने उत्तर लिहिलंय २५. लाल फुली. आई म्हणते, ‘घरी सगळं येतं हो बाई, पेपरात धांदरटपणा करतो.’ खालची गणितं बघितली की कळतं, धांदरटपणा नाहीये. ६१ वजा २४ त्याने ४३ केलंय, ८३ वजा ५८ केलंय ३५. प्रत्येक ठिकाणी त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, मग तो वर असो की खाली. दोनातून सात जात नाहीत तेव्हा एक दशक सुटं करून घ्यायचं, हे त्याला उमगलेलंच नाही. तो अगदी नियमाने चुकतोय. हे एकदा दिसलं की घरी ओरडणं थांबतं आणि काम सुरू होतं. दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी घ्या, ५२ रुपये मांडा आणि त्यातले ३७ द्यायला सांगा. सात रुपये सुटे नाहीत हे लक्षात आलं की दहाची नोट मोडायचं त्यालाच सुचतं. ओपन डेने एवढं दिलं तरी सकाळ सत्कारणी लागली. ‘किती मार्क पडले’पेक्षा ‘कुठे अडतोय आणि आम्ही घरी काय करू’ हा प्रश्न विचारा. मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो, डबा संपवतो का, वर्गात हात वर करतो का, फळ्यावरचं त्याला नीट दिसतं का, हेही याच बाकावर विचारायचं. चष्मा लागलाय हे शाळेत कळलेली कितीतरी मुलं असतात.

वेळ मात्र थोडा असतो. वर्गात ४० मुलं आणि सकाळचे चार तास धरले, तर एका पालकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. त्यातली चार जर ‘स्वच्छतागृहात पाणी नसतं’ यावर गेली, तर मुलाबद्दल बोलायला उरतात दोन. पाण्याची तक्रार खरी असते, पण तिथे बोलून तिचा उपयोग होत नाही. तीच तक्रार दहा पालक मला वेगवेगळी येऊन सांगतात, मी दहाही वेळा ‘वर सांगते’ म्हणते, आणि कागदावर काहीच उमटत नाही. पालकसभेत त्याच दहांनी एकामागून एक तेच सांगितलं, तर ते इतिवृत्तात येतं आणि पुढच्या सभेत ‘त्याचं काय झालं’ असं विचारता येतं.

उलट चूकही तेवढीच होते आणि ती जास्त दुखवणारी असते. भरल्या सभेत एखादे वडील उठतात आणि विचारतात, ‘आमच्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तुम्ही काय करताय?’ प्रश्न रास्त आहे. पण मी उत्तर द्यायचं म्हटलं तर त्या मुलाचं सगळं पस्तीस-चाळीस जणांसमोर काढावं लागेल, आणि संध्याकाळपर्यंत ते चाळीतल्या पोरांच्या तोंडी होईल. म्हणून मी काहीतरी गोलमोल बोलते आणि त्यांना वाटतं, बाई टाळतायत. मुलाची अडचण चारचौघांत काढू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मग पालकसभेत विचारायचं तरी काय? शाळेचा रोजचा दिवस. जूनमधल्या पहिल्या सभेत मुंबईत एक विषय आलाच पाहिजे, तो म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कितीतरी मुलं रात्रभर शाळांतच अडकली. त्यानंतर तरी प्रत्येक पालकाला हे माहीत असायला हवं, की मधेच शाळा सोडायची ठरली तर निरोप कोण देणार, मूल कुणाच्या ताब्यात देणार, व्हॅनवाले काका पोचलेच नाहीत तर कुठल्या मजल्यावर थांबवणार, आणि तिथे पाणी-खाणं काय आहे. हे डायरीत चिकटवलेल्या परिपत्रकात नीट कळत नाही. समोरासमोर विचारलं की शाळेचीही तयारी किती आहे ते दिसतं.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे, आणि मुलांना वाढण्याआधी अन्नाची चव घेऊन नोंद करायची असते. ती नोंदवही सभेत बघायला मागता येते. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं धोरण सांगतं. म्हणजे २२ किलोच्या मुलाच्या पाठीवर २ किलो २०० ग्रॅम. पाण्याची बाटली आणि डबा धरूनच एवढं भरतं, म्हणून कुठल्या वारी कुठली वही हे सभेत पक्कं करून घ्या. शाळेच्या वेळा हाही इथलाच विषय. २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचं ठरलं, तेव्हा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत चालणाऱ्या मुंबईतल्या शाळांची वेळापत्रकं हलली आणि कामावर जाणाऱ्या आईबापांची तारांबळ उडाली. असं काही बदलायचं असेल तर ते आधी सभेत यावं, हा आग्रह पालकांनी धरायला हवा.

काही प्रश्न मधल्या जागेत पडतात. बाजूचा मुलगा मारतो, हे आधी वर्गशिक्षकांना एकट्याने सांगा. तो चौघांना मारत असेल तर ‘मधल्या सुट्टीत लक्ष कोण ठेवतं’ हा सभेचा विषय होतो, तोही कुणाच्या मुलाचं नाव न घेता. पण मुलाच्या सुरक्षिततेबद्दल जरासाही संशय आला तर ना सभेची वाट बघायची ना ओपन डेची. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना गाठा, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे तिच्याकडे जा, गरज पडली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सभेत ठरलेलं पुढे जातं कुठे, हेही बघून ठेवा. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. खासगी विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, आणि २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने शाळेला फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. आपल्या वर्गातला कोणता पालक त्या समितीवर आहे, हे सभेतच विचारा.

शाळांनाही एक सांगायचं आहे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच सकाळी उरकतात. आधी सभागृहात तासभर भाषणं, मग वर्गात रांग लावून पेपर. भाषणं लांबली की रांगेतला पालक पेपर उभ्यानेच चाळतो, सही करतो आणि गाडी पकडायला पळतो. पालकांना दोनदा सुट्टी पडू नये म्हणून असं करतो, हे कारण मला पटत नाही. जूनमध्ये सभा, दिवाळीआधी सत्र संपताना ओपन डे, इतकं अंतर ठेवलं तरी दोन्हींना न्याय मिळतो. फार तर सभा संध्याकाळी साडेसहानंतर घ्या. वडील मंडळीही येतात, हा माझा अनुभव आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने यातलं काहीच भरून निघत नाही. उद्या रंगीत कागद आणा, एवढ्यापुरता तो ठीक.

आणि ज्यांना शनिवारी येणं जमतच नाही त्यांनी डायरीत दोन ओळी लिहून दुसरी वेळ मागा. शाळा सुटल्यावरची वीस मिनिटंही चालतील. आई-वडिलांऐवजी आजी आली तरी मी नोंदवही उघडतेच. लिहिता-वाचता येत नसेल तर नोंदी मोठ्याने वाचून दाखवणं माझं काम. फक्त येताना मुलाला बरोबर आणा. वजाबाकी कुठे अडते ते त्याच्याकडूनच पाटीवर करून घेऊ.